आयरिश कैदी पूर्वजाचं मूळ गाव शोधायला कुठली सेवा कामाची? आम्ही वापरलेल्या सगळ्यांचा रिव्ह्यू, इंदूरहून

आधी थेट सांगते, मग सविस्तर. तुमच्या जावयाचा, सुनेचा, व्याह्यांचा कुणी पूर्वज आयर्लंडहून कैदी म्हणून ऑस्ट्रेलियाला पाठवला गेला असेल आणि त्याचं गाव शोधायचं असेल, तर सुरुवातीला एक रुपयाही खर्च करू नका. सगळ्यात कामाच्या तीन गोष्टी फुकट आहेत: न्यू साउथ वेल्सच्या स्टेट आर्काइव्ह्जचे कैद्यांचे इंडेक्स, डब्लिनच्या नॅशनल आर्काइव्ह्जचा ट्रान्सपोर्टेशन (म्हणजे शिक्षा म्हणून समुद्रापार पाठवलेल्यांचा) डेटाबेस आणि ट्रोव्ह, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या जुन्या वर्तमानपत्रांची साइट. पैशाच्या साइट त्यानंतर, आणि त्याही महिन्यापुरत्या. वंशावळ करून देतो म्हणणाऱ्या एजन्सीकडे तर अगदी शेवटी, आणि माझं विचाराल तर जाऊच नका.

आता हे इंदुरात बसून मला कसं माहीत, तर माझी ताई सिडनीला असते आणि भाऊजी तिकडचेच, जन्माने ऑस्ट्रेलियन. ताईच्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत, त्यांचे खापरपणजोबा आयर्लंडहून बेड्यांमध्ये आले होते एवढंच घरात माहीत होतं, तेही कुजबुजीतून, कारण सासूबाई लहान असताना हा विषय निघाला की मोठी माणसं गप्प व्हायची. तिकडे पूर्वी तसंच होतं म्हणे, कैद्याचं रक्त म्हणजे डाग, कितीतरी घरांनी दोन-तीन पिढ्या ते लपवलं. आता सगळं पालटलंय, २००७ साली ऑस्ट्रेलियाचे कैद्यांचे कागद युनेस्कोच्या मेमरी ऑफ द वर्ल्डमध्ये गेले आणि २०१० मध्ये सिडनीच्या हाइड पार्क बॅरॅक्ससकट कैद्यांच्या ११ जागा जागतिक वारसा झाल्या, लोक अभिमानाने सांगतात आमचा पूर्वज अमुक जहाजाने आला. सासूबाईंना फक्त गाव हवं होतं. कुठलं गाव ते एकदा कळू दे, एवढंच त्या म्हणायच्या.

माझ्याकडे हे काम आलं कारण आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांतातली इंदूर शाखा मी जमवलेली, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांच्या वहीत पणजोबांच्या हातची नोंद जाऊन पाहिलेली, मोडी थोडीफार वाचता येते, आणि मला या कामाची खरंच मनापासून आवड आहे. आईला सुरुवातीला पटलं नाही, काळ्या पाण्याची शिक्षा झालेला माणूस, त्याचं गाव कशाला शोधायचं म्हणाली, आणि मग रोज संध्याकाळी तीच विचारायला लागली, सापडलं का गं? इंदूरच्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही नं, होळकरांच्या काळात आलेली आपली घरं, दोनशे वर्षं माळव्यात गेली, तरी लग्न जमवताना पहिला प्रश्न मूळ गाव कुठलं हाच असतो.

थोडा इतिहास सांगते नाहीतर पुढचं कळणार नाही. ब्रिटिशांनी १७८८ ते १८६८ या काळात दीड लाखाहून जास्त कैदी ऑस्ट्रेलियात नेले. आयर्लंडहून थेट सुटलेलं पहिलं जहाज क्वीन, १७९१ साली कॉर्कहून निघून त्याच वर्षी सिडनीला पोचलं, आणि तेव्हापासून सुमारे ४०,००० माणसं आयर्लंडहून थेट गेली. न्यू साउथ वेल्समध्ये कैदी पाठवणं १८४० ला थांबलं, मग टास्मानियात १८५३ पर्यंत चालू राहिलं, पश्चिम ऑस्ट्रेलियात १८५० ते १८६८. हे सनांचं लक्षात ठेवा कारण तुमचा माणूस कुठल्या साली आणि कुठल्या वसाहतीत गेला त्यावर कुठले कागद मिळणार हे सगळं ठरतं. आमचे खापरपणजोबा (मी आता त्यांना तसंच म्हणते, नाव इथे लिहीत नाही कारण त्यांच्या कुटुंबात सगळ्यांना विचारलेलं नाही) १८३१ च्या शिक्षेचे.

सगळे जण उत्साहाने आयर्लंडपासून सुरुवात करतात. ते करू नका. सुरुवात सिडनीपासून करायची, म्हणजे न्यू साउथ वेल्स स्टेट आर्काइव्ह्जपासून, जे २०२३ पासून म्युझियम्स ऑफ हिस्टरी न्यू साउथ वेल्स या नावाखाली आहे, तर शोधताना नवीन नाव टाका. त्यांचे कैद्यांचे इंडेक्स फुकट आहेत, आणि त्यातली सगळ्यात मोलाची चीज म्हणजे इंडेंट, जहाज बंदरात आल्यावर प्रत्येक कैद्याची केलेली नोंद. सुरुवातीच्या वर्षांतले इंडेंट त्रोटक आहेत, नाव, कुठे खटला, किती शिक्षा, संपलं. पण १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ते इतके भरगच्च होतात की वाचताना माणूस समोर उभा राहतो: वय, लिहिता-वाचता येतं का, धर्म, लग्न झालंय का, मुलं किती, जन्म कुठला, धंदा काय, गुन्हा काय, कुठे आणि कधी शिक्षा, आधीची शिक्षा आहे का, उंची, रंग, केस, डोळे, अंगावरच्या खुणा. आमच्या माणसाचं लिहिलंय, शेतमजूर, वाचता येतं पण लिहिता येत नाही, लालसर चेहरा आणि त्यावर वांग, वाळूच्या रंगाचे केस, डाव्या भुवईवर व्रण. त्या माणसाचा फोटो असणं शक्यच नाही, चित्र कोण काढणार मजुराचं, पण हे वर्णन आहे. सासूबाईंना फोनवर वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या माझ्या भावाचा चेहरा असाच होता.

आणि यातूनच मला जी गोष्ट कळली ती सांगायलाच हवी. जो शिक्षा होऊन गेला त्याचे कागद आहेत, जो त्याच गावात सज्जनपणे राहिला त्या सख्ख्या भावाचा एकही नाही. सरकारने ज्याला पकडलं त्याच्या डोळ्यांचा रंगसुद्धा लिहून ठेवला. तिकडे पोचल्यावरही कागद तयार होत राहिले, चांगली वागणूक असेल तर तिकीट ऑफ लीव्ह, म्हणजे स्वतःचं काम स्वतः शोधायची परवानगी, ७ वर्षांची शिक्षा असेल तर साधारण ४ वर्षांनी, १४ ची असेल तर ६ वर्षांनी, जन्मठेप असेल तर ८ वर्षांनी. मग शिक्षा पूर्ण झाली की सर्टिफिकेट ऑफ फ्रीडम. कैद्याला लग्न करायचं तरी अर्ज करावा लागे, त्या अर्जांच्या नोंदी आहेत. १८२८ च्या जनगणनेत तेव्हा वसाहतीत असलेले कैदी आणि मोकळे रहिवासी आहेत, आणि पुढे कैदी म्हणून आला की स्वखुशीने आला की इथेच जन्मला ते लिहिलंय. त्यामुळे कुणाला आपला पूर्वज कैदी निघाला म्हणून वाईट वाटत असेल तर मी सांगते, शोधणाऱ्यासाठी यापेक्षा चांगलं काही नाही.

कमतरता काय, तर इंडेक्स म्हणजे सूची आहे, पूर्ण पानाची इमेज बऱ्याच वेळा अँसेस्ट्री या वंशावळीच्या साइटवर असते आणि तिथे सदस्यता लागते. पण ऑस्ट्रेलियातल्या कितीतरी सार्वजनिक लायब्रऱ्यांमध्ये अँसेस्ट्रीची लायब्ररी आवृत्ती बसून फुकट वापरता येते, ताई घराजवळच्या लायब्ररीत गेली आणि पान काढून मला पाठवलं. म्हणजे तिकडे कुणी नातेवाईक असेल तर त्यांना लायब्ररीत धाडा, कार्ड फिरवू नका. दुसरी अडचण खरी आहे, इंडेंटवर जन्मगाव म्हणून बहुतेक आयरिश लोकांच्या पुढे नुसती काउंटी लिहिलेली असते. आमच्याही माणसापुढे एकच शब्द, क्लेअर. आता क्लेअर म्हणजे अख्खा जिल्हा समजा. सिडनीची साइट तुम्हाला जिल्ह्यापर्यंत नेऊन सोडते, तिथून पुढे गावापर्यंत ती नेत नाही. तरी माझ्याकडून पाचपैकी पाच.

याच टप्प्यावर, मला विचारण्याआधी, भाऊजींनी एका ऑनलाइन एजन्सीला पैसे भरलेले होते, नाव लिहीत नाही. त्यांनी रंगीत फाइल पाठवली, वर आडनावाचं कोट ऑफ आर्म्स, म्हणजे मानचिन्ह, आत सुंदर झाड काढलेलं, आणि आमच्या माणसाला कॉर्कच्या एका बाप्तिस्म्याला चिकटवून टाकलेलं, का, तर नाव तेच आणि वयाचा मेळ बसतो. इंडेंटवर स्वच्छ क्लेअर लिहिलंय! आयर्लंडमध्ये तीच तीच नावं आणि तीच तीच आडनावं इतकी आहेत की एकाच वर्षी एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, एकाच नावाची तीन मुलं असू शकतात, नुसतं नाव-वय जुळलं म्हणजे काही सिद्ध होत नाही. आणि ते कोट ऑफ आर्म्स, ते मुळात व्यक्तीला दिलेलं असतं, त्या आडनावाच्या प्रत्येक शेतमजुराचं ते नसतं, छापून भिंतीवर लावायला ठीक आहे पण त्याला वंशावळ म्हणू नये. एका ऐंशी वर्षांच्या बाईला चुकीचं गाव सांगून मोकळं व्हायचं याचा मला मनापासून राग आला. मागे विचारलं तर उत्तर आलं की जास्त संशोधनासाठी पुढचं पॅकेज घ्या. शून्य.

आता डब्लिन. नॅशनल आर्काइव्ह्ज ऑफ आयर्लंडचा आयर्लंड-ऑस्ट्रेलिया ट्रान्सपोर्टेशन डेटाबेस. १९८८ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिटिश वसाहतीला २०० वर्षं झाली तेव्हा आयर्लंडने भेट म्हणून या सगळ्या कागदांच्या मायक्रोफिल्म ऑस्ट्रेलियाला दिल्या आणि त्यांची सूची कॉम्प्युटरवर केली, तीच ही. वापरायला अगदी साधी, दिसायला जुनाट, पण काय सांगू किती कामाची. मात्र एक गोष्ट आधी माहीत हवी, १८३६ च्या आधीची ट्रान्सपोर्टेशन रजिस्टर १९२२ साली नष्ट झाली. आयरिश यादवीत जून १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस स्फोटात आणि आगीत गेलं, शतकानुशतकांचे कागद एका दिवसात राख. त्यामुळे १८३६ च्या आधी शिक्षा झालेला माणूस या डेटाबेसमध्ये तेव्हाच सापडतो जेव्हा त्याच्यासाठी कुणीतरी दयेचा अर्ज केलेला असतो. अर्ज वेगळ्या ठिकाणी, डब्लिन कॅसलमध्ये होते म्हणून वाचले. अर्ज नसेल तर नाव नाही, आणि नाव नाही म्हणजे माणूस नव्हता असं समजून शोध सोडू नका.

आमचा १८३१ चा. म्हणजे सगळं एका अर्जावर अवलंबून. आडनाव जसंच्या तसं टाकलं तर काहीच नाही आलं, मग सुरुवातीचा ओ काढून टाकलं, कारण त्या काळात बहुतेक कागदांत ओ आणि मॅक गळालेले असतात, कारकून जसं ऐकू येईल तसं लिहायचा, आणि शेवटची अक्षरं फिरवून पाहिली, तेव्हा एक ओळ आली. खटल्याची जागा एनिस (क्लेअरचं मुख्य शहर), गुन्हा बेकायदा शपथ घेणे, शिक्षा ७ वर्षं, अर्जदार: पत्नी. इंदुरात संध्याकाळचे सहा म्हणजे सिडनीत हिवाळ्यात रात्रीचे साडेदहा, तरी ताईला लगेच फोन लावला.

डेटाबेसमध्ये ओळ मिळते, मूळ अर्ज नाही, मूळ कागद डब्लिनला बिशप स्ट्रीटवर आहेत. पण त्या १९८८ च्या मायक्रोफिल्म ऑस्ट्रेलियाच्या राज्य ग्रंथालयांमध्ये ठेवलेल्या आहेत, डेटाबेसमध्ये फिल्मचा नंबर दिलेला असतो, तो घेऊन ताई-भाऊजी सिडनीच्या स्टेट लायब्ररीत गेले आणि पानांचे फोटो काढून आणले. अक्षर वाचायचं काम माझ्याकडे, जुनं घसरतं इंग्रजी, पण ज्याने मोडी वाचलीय त्याला धीर असतो, एक अक्षर पक्कं झालं की त्यावरून पुढचं लावायचं. अर्ज लॉर्ड लेफ्टनंटच्या, म्हणजे आयर्लंडमधल्या ब्रिटिश राजप्रतिनिधीच्या नावाने. नवरा एकटाच कमावता, दोन लहान मुलं, एक अजून अंगावर पिणारं, नवऱ्याला रात्रीच्या टोळीने जबरदस्तीने शपथ घ्यायला लावली, सोडा, आणि सोडत नसाल तर मला मुलांसकट त्याच्याबरोबर पाठवा. खाली तिची सही नाही, फुलीची खूण. त्याखाली पॅरिशच्या पाद्र्याचा आणि जमीनदाराच्या माणसाचा दाखला की हे कुटुंब अमुक टाउनलँडमध्ये राहतं आणि चालचलणूक चांगली. टाउनलँडचं नाव! म्हणजे वाडीपर्यंतचा पत्ता. मागच्या बाजूला शेरा, अर्ज नामंजूर.

ही शपथेची भानगड काय ते नंतर वाचलं. १८३०-३१ मध्ये क्लेअरमध्ये टेरी ऑल्ट नावाची चळवळ होती, जमीनदारांनी जमीन गुरांच्या चराईला ठेवलेली, मजुरांना बटाटे लावायला तुकडा मिळेना किंवा मिळाला तर भाडं परवडेना, मग रात्री शेकडो माणसं फावडी घेऊन यायची आणि कुरण खणून काढायची, म्हणजे सकाळी ते चराईच्या कामाचं राहायचं नाही आणि पिकाला द्यावंच लागेल. एकमेकांना शपथेने बांधून घ्यायचे. बंदुका पळवणं, मारहाण, खूनही झाले, ते लपवायचं कारण नाही. सरकारने १८३१ मध्ये खास न्यायालय बसवलं आणि कितीतरी जणांना समुद्रापार पाठवलं. हे सासूबाईंना सांगितल्यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, माझ्या वडिलांना हे कळायला हवं होतं, ते आयुष्यभर समजत होते की तो चोर होता.

याच डेटाबेसमध्ये आणखी एक कप्पा आहे, फ्री सेटलर्स पेपर्स, १८२८ ते १८५२. शिक्षेची काही वर्षं चांगली काढली की कैद्याला बायको-मुलांना सरकारी खर्चाने बोलवायचा अर्ज करता यायचा, त्या याद्या. आमच्या माणसाने केला आणि ती आली, दोन्ही मुलांना घेऊन, सुमारे चार महिन्यांचा समुद्रप्रवास करून. सासूबाईंचे पणजोबा म्हणजे त्या दोघांचा तिकडे ऑस्ट्रेलियात जन्मलेला पहिला मुलगा. ज्यांच्या पूर्वजाची बायको मागे राहिली असेल त्यांनी हा कप्पा जरूर बघा, फक्त गुन्ह्याच्या नोंदी बघून बाहेर पडू नका. डब्लिनला पाचपैकी पाच, आणि अजून द्यायचे असते तर दिले असते.

टाउनलँड कळल्यावर आयर्लंडचा नकाशा समजून घ्यावा लागतो आणि इथे बरेच लोक थकतात. सगळ्यात लहान एकक टाउनलँड, देशभरात ६०,००० च्या वर, त्यावर सिव्हिल पॅरिश, बॅरनी, काउंटी, आणि कॅथलिक पॅरिश पुन्हा वेगळं, त्याच्या हद्दी सिव्हिल पॅरिशशी जुळतीलच असं नाही. लॉगइनम नावाची सरकारी स्थलनामांची साइट आहे, फुकट, जुनी स्पेलिंग आणि आयरिश नाव दोन्ही देते, तिचा उपयोग फार झाला कारण अर्जातलं स्पेलिंग आजच्या नकाशात नाहीच.

मग टाइद अप्लॉटमेंट बुक्स, १८२३ ते १८३७, चर्चचा कर कुणावर किती लावायचा त्याची गावनिहाय यादी, नॅशनल आर्काइव्ह्जच्याच साइटवर फुकट. आणि ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन, १८४७ ते १८६४, कुठलं घर-जमीन कुणाच्या ताब्यात, मालक कोण, किंमत किती, आस्क अबाउट आयर्लंडवर नकाशासकट फुकट. या दोन्हींत फक्त कुळाचं, घरप्रमुखाचं नाव, बायकापोरं नाहीत, भूमिहीन मजूर तर टाइदमध्ये बहुधा नाहीच. तरीही एवढं महत्त्व का, तर जनगणनाच उरलेली नाही, १८२१ ते १८५१ ची जवळजवळ सगळी त्या १९२२ च्या आगीत गेली, १८६१ आणि १८७१ ची सरकारनेच नष्ट केली, १८८१ आणि १८९१ ची पहिल्या महायुद्धात लगद्याला गेली. पूर्ण उरलेली सगळ्यात जुनी १९०१ ची, मग १९११ ची. आणि जन्म-मृत्यूची सर्वांसाठी सरकारी नोंद १८६४ पासून. म्हणजे १८३१ च्या माणसासाठी चर्च आणि जमीन एवढंच.

टाइदच्या पुस्तकात त्या टाउनलँडला त्याच आडनावाचा एकच माणूस आहे, आणि त्याचं पहिलं नाव तेच जे आमच्या माणसाने थोरल्या मुलाला ठेवलं. आयरिश घरात पहिल्या मुलाला बापाच्या वडिलांचं नाव ठेवायची पद्धत होती, आपल्याकडे नातवाला आजोबांचं ठेवतात तशीच. म्हणजे हा त्याचा बाप असण्याची शक्यता खूप आहे. मी वंशावळीत ते नाव पेन्सिलने लिहिलंय, शाईने नाही. ग्रिफिथमध्ये ते आडनाव त्या टाउनलँडमधून गेलेलंय, मधे १८४५ पासूनचा मोठा दुष्काळ आहे आणि क्लेअरची त्यात फार वाताहत झाली, पण शेजारच्या टाउनलँडला एक घर आहे त्याच आडनावाचं. क्लेअरवाल्यांचं नशीब चांगलं, क्लेअर काउंटी लायब्ररीची साइट म्हणजे खजिना आहे, स्वयंसेवकांनी टाइद, ग्रिफिथ, थडग्यांवरचे लेख असं कितीतरी टाइप करून फुकट ठेवलंय. जिल्ह्याची लायब्ररी असं काम करते हे बघून मला वाटलं आपल्याकडे होळकर दफ्तराचे मोडी कागद असे घरबसल्या कधी वाचता येतील!

कॅथलिक पॅरिश रजिस्टर नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडने २०१५ मध्ये सगळी फुकट ऑनलाइन टाकली, साधारण १८८० पर्यंतची. नावं बऱ्याचदा लॅटिनमध्ये, जॉनचा जोआनेस, जेम्सचा याकोबुस, हे आधी शिकून घ्या. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतं ही फार मोठी सोय. पण पश्चिम आयर्लंडमधल्या कितीतरी पॅरिशची रजिस्टर उशिरा सुरू होतात, आणि आमच्या पॅरिशचं रजिस्टर आमची मंडळी गेल्यानंतर सुरू होतं. बाप्तिस्मा नाही, लग्न नाही. हे सासूबाईंना सरळ सांगितलं, त्यांनी मान्य केलं. त्या एजन्सीने दाखवला होता तसा बाप्तिस्मा हवा असेल तर मी पण दहा काढून देईन, पण तो आपला कशावरून?

पैशाच्या साइटचं पटकन सांगते. रूट्सआयर्लंड ही वेगवेगळ्या काउंटींच्या केंद्रांची मिळून साइट आहे, चर्चच्या नोंदी टाइप केलेल्या असल्यामुळे नावाने शोधता येतात, ज्यांचं पॅरिश माहीत नाही त्यांना उपयोगी, पण सदस्यता घेण्याआधी आपल्या पॅरिशच्या नोंदी कुठल्या वर्षापासून आहेत ती यादी तिथेच बघून घ्या आणि महिन्याचीच घ्या. फॅमिलीसर्च फुकट आहे, खातं उघडावं लागतं, पण लोकांनी जोडलेल्या झाडांवर डोळे झाकून विश्वास नको. डिजिटल पॅनॉप्टिकन अप्रतिम आहे पण ते लंडनच्या कैद्यांचं, आयर्लंडमध्ये खटला झालेल्यांसाठी नाही. डीएनए टेस्ट करायचीच असेल तर घरातल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसाची करा, प्रत्येक पिढीत वारसा निम्मा होतो, भाऊजींपेक्षा सासूबाईंची टेस्ट कधीही जास्त सांगेल. तुमचा माणूस टास्मानियात गेलेला असेल तर तुम्ही भाग्यवान, तिथल्या लायब्ररीच्या नेम्स इंडेक्समध्ये मूळ पानांच्या इमेज फुकट आहेत आणि पुष्कळ कैद्यांच्या नोंदीत आई-बाप, भाऊ-बहिणी यांची नावंसुद्धा लिहून घेतलेली आहेत.

ट्रोव्हबद्दल मात्र थांबून लिहायला हवं. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल लायब्ररीची ही साइट, जुनी वर्तमानपत्रं आणि सरकारी गॅझेट स्कॅन केलेली, नावाने शोधता येतात, फुकट. पळालेल्या कैद्यांची वर्णनं, तिकीट ऑफ लीव्ह मिळालेल्यांच्या याद्या, जमिनीचे व्यवहार, मृत्यूच्या बातम्या, सगळं. कॉम्प्युटरने वाचलेला मजकूर कुठेकुठे चुकलेला असतो आणि तो वाचकच दुरुस्त करतात, मीही रात्री जेवणं झाल्यावर करत बसते, आमच्या माणसाच्या नाहीत अशाही बातम्यांच्या, कारण कुणीतरी दुसऱ्याने दुरुस्त केलेल्या ओळीमुळेच आम्हाला त्या बायकोच्या निधनाची बातमी सापडली. चार ओळी, त्यात क्लेअर काउंटीची रहिवासी आणि किती नातवंडं मागे ठेवून गेली ते.

आयर्लंड रीचिंग आउट म्हणून एक स्वयंसेवी संस्था आहे, पॅरिशवार स्वयंसेवक असतात, त्यांना लिहिलं. फुकट. लगेच उत्तराची अपेक्षा ठेवू नका, माणसं नोकरी-शेती सांभाळून करतात. आमच्या पॅरिशच्या बाईंनी खूप आस्थेने लिहिलं, ती टाउनलँड आज कुठे, रस्ता कुठून जातो, जुनी दफनभूमी कुठली, आणि शेजारच्या टाउनलँडमध्ये ते आडनाव अजून आहे हेही.

पैसे घालायचेच असतील तर एका ठिकाणी घाला, न्यू साउथ वेल्सच्या जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी कार्यालयाचा मृत्यूचा दाखला. तिथे सरकारी नोंदणी १८५६ ला सुरू झाली, सूची ऑनलाइन फुकट, दाखल्याला पैसे पडतात, पण त्यात मृताच्या आई-बापांची नावं, जन्म कुठला, वसाहतीत किती वर्षं, लग्न कुठे आणि कितव्या वर्षी, मुलांची नावं असे रकाने असतात. माहिती मुलाने दिलेली असते त्यामुळे वर्षं इकडेतिकडे होतात, नावं सहसा बरोबर असतात. आमचा माणूस १८५६ च्या आधी गेला, त्याचा असा दाखला नाही. पण बायको त्यानंतर बरीच वर्षं जगली, तिच्या दाखल्यात तिच्या वडिलांचं नाव आणि आईचं माहेरचं आडनाव दोन्ही आहेत, लग्न क्लेअरमध्ये. ते आडनाव टाइदच्या पुस्तकात त्याच सिव्हिल पॅरिशमध्ये दोन टाउनलँडला आहे, सध्या त्यातलं कुठलं तिचं माहेर ते बघते आहे.